साळोख्यांचं सील

दिगंबर साळोखे आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या एका हातात क्लिपबोर्ड होता आणि दुसऱ्या हातात लाल फीत बांधलेला पेनड्राइव्ह. मला लॅपटॉपवर तंबोऱ्याचं प्लगइन बसवून हवं होतं. माझ्या एका विद्यार्थ्याने सांगितलं होतं की हे दहा मिनिटांचं काम आहे. साळोख्यांना तीन तास लागले, आणि त्यातली पहिली पंचवीस मिनिटं लॅपटॉप सुरूसुद्धा झाला नव्हता.

"मॅडम, आधी हिची हिस्ट्री सांगा," ते म्हणाले.

"कुणाची?"

"मशीनची. कधी घेतली, कधी पडली, कुणी कुणी हात लावला. आनि खरं सांगायचं हां. फिटरपासनं लपवून चालत न्हाई."

मी विद्यापीठात जीवरसायनशास्त्र शिकवते. मला प्रश्न विचारायची सवय आहे, उत्तरं द्यायची नाही. तरी त्या दिवशी मी मुकाट्याने कबूल केलं की लॅपटॉप एकदा स्वयंपाकघराच्या ओट्यावरून पडला होता. त्यांनी ते लिहून घेतलं. मला तारीख आठवेना, तेव्हा पुढे 'अंदाजे' असा शेरा मारला आणि चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मी उगाचच सॉरी म्हटलं.

साळोखे मूळचे कागलचे. हवाई दलात बत्तीस वर्षं रेडिओ फिटर होते. शेवटचं पोस्टिंग चंडीगढला, आणि तिथूनच ज्युनिअर वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. गावी जायचं म्हणता म्हणता मुलीचं कॉलेज आडवं आलं आणि त्यांनी चंडीगढजवळच खरडला फ्लॅट घेतला. मी त्याच इमारतीत त्यांच्या दोन मजले वर राहते. सबंध इमारतीत मराठी घरं दोनच, त्यामुळे मनासारखं भांडायला आम्हाला एकमेकांशिवाय कोणी नाही.

मुलगी स्वराली साउंड इंजिनिअरिंग शिकली आणि तिच्या अभ्यासाच्या निमित्ताने बापाला नाद लागला. गाणी ध्वनिमुद्रित करायचं एक मोठं सॉफ्टवेअर असतं आणि त्याला जोडायची ही छोटी छोटी प्लगइनं. एखादं आवाज घुमवतं, एखादं बेसूर गळा सुरात आणतं, एखादं नुसता तंबोरा छेडत बसतं. ती शेकड्यांनी मिळतात आणि शेकडो तऱ्हांनी बिघडतात. मोहाली-खरडच्या पट्ट्यात दर तिसऱ्या इमारतीत कोणीतरी पंजाबी गाणी तयार करत बसलेलं असतं, तेव्हा साळोख्यांना गिऱ्हाइकांची वाण नाही. पोरं त्यांना 'प्लगइनवाले अंकल' म्हणतात. ते पैसे घेत नाहीत, चहा घेतात, आणि चहात साखर कमी पडली तर त्याचीही नोंद करत असावेत असा माझा संशय आहे.

कारण नोंद ही त्यांची मुख्य आवड. प्रत्येक कॉम्प्युटरची वेगळी वही. माझ्या लॅपटॉपचा नंबर सतरा. काय बसवलं, कुठल्या फोल्डरमध्ये बसवलं, बसवताना लाइट गेली होती का, सगळं त्यात. काम झालं की ते आपली हत्यारं मोठ्याने मोजतात: पेनड्राइव्ह एक, स्क्रू-ड्रायव्हर एक, टॉर्च एक. स्क्रू-ड्रायव्हर आणि टॉर्च मी कधी पिशवीबाहेर आलेले पाहिले नाहीत. पण मोजणी होते. ती ऐकताना आपणही उभं राहायचं असतं, हे मला त्यांच्या बायकोने, रागिणीवहिनींनी, हळूच शिकवलं.

थट्टा बाजूला ठेवते. माणूस पक्का होता. चंडीगढात सेक्टर ४३च्या बसस्टँडजवळ राहणाऱ्या एका ढोलवाल्याची प्लगइनं दर आठवड्याला नाहीशी व्हायची. तीन जणांनी हात टेकले होते. साळोखे गेले आणि त्याला म्हणाले, तू रोज जे करतोस ते माझ्यासमोर कर. त्याने कॉम्प्युटर लावला, नमस्कार केला आणि प्लगइनच्या फायली जिथे असायला हव्या तिथून ओढून डेस्कटॉपवर आणून ठेवल्या. कामाच्या गोष्टी डोळ्यांसमोर असलेल्या बऱ्या, असं त्याचं म्हणणं. सॉफ्टवेअर बिचारं नेहमीच्या फोल्डरमध्ये जाऊन शोधायचं आणि रिकाम्या हाताने परत यायचं. साळोख्यांनी वहीत लिहिलं, 'दोष: आवराआवर'.

यंदाच्या जानेवारीत त्यांनी एक नवी पद्धत काढली. झालं असं, की एका मुलाच्या कॉम्प्युटरने आपलं आपणच अपडेट उतरवून घेतलं आणि त्याची बारा प्लगइनं बंद पडली. साळोख्यांना तो स्वतःचा अपमान वाटला. आपण तपासून दिलेल्या कामाला आपल्या मागे कोणीतरी हात लावतं म्हणजे काय!

"इमानात कसं असतं मॅडम," त्यांनी मला समजावलं, "नट आवळला, तपासला, की त्याला बारीक तार पिळून टाकायची. मग त्याला हात लावायचा तर आधी तार तोडाय लागती. तार शाबूत हाय म्हंजे आतलं काम शाबूत हाय. परत उघडून बगायचं न्हाई."

ही तार त्यांनी कॉम्प्युटरला पिळायचं ठरवलं. म्हणजे प्लगइनचे फोल्डर कुलूपबंद करायचे. वाचता येईल, पण आत काही लिहिता येणार नाही, बदलता येणार नाही. माझ्या लॅपटॉपला त्यांनी हे सील ठोकलं, वहीत 'सील केले' असं लिहून सही केली आणि माझीही सही घेतली. त्याच आठवड्यात स्वरालीच्या लॅपटॉपलाही ठोकलं.

स्वराली तेव्हा मोहालीतल्या एका स्टुडिओत तीन महिन्यांच्या बोलीवर काम करत होती. फेब्रुवारी संपला की कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. पोरगी तेवीस वर्षांची, कामाला वाघ, बोलायला मुखदुर्बळ. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत देते. स्टुडिओचा मालक हरकीरत हा पस्तिशीचा, सगळ्यांना पुत्तर म्हणणारा गडी, पण त्याच्याकडे एक नियम फार कडक होता: चोरीचं प्लगइन चालणार नाही. या धंद्यात कुलूप फोडलेली प्लगइनं फुकट फिरतात. त्यांना 'क्रॅक' म्हणतात. अशाच एका क्रॅकमधून पूर्वी व्हायरस शिरून त्याची तीन गाणी पार पुसली गेली होती. तेव्हापासून स्टुडिओच्या नावाने विकत घेतलेलीच प्लगइनं सगळ्यांनी वापरायची.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात स्वरालीने एक गाणं पुरं करून पाठवलं. गायकाने ते गाडीत लावलं आणि तिथूनच फोन केला. दर चाळीस सेकंदांनी त्याचा आवाज गडप होत होता, दोन सेकंद, आणि मग पुन्हा सुरू. या क्षेत्रातल्या कोणालाही याचा अर्थ शिकवावा लागत नाही. परवाना नसलेलं प्लगइन असं मध्ये मध्ये गप्प बसतं.

हरकीरतने तिला बाजूला घेऊन एकदाच विचारलं, "पुत्तर, क्रॅक तो नहीं डाला?" ती नाही म्हणाली. त्याने गाणं तिच्याकडून काढून घेतलं आणि सांगितलं की शनिवारी दुपारी बारा वाजता लॅपटॉप घेऊन ये, जे असेल ते खरं सांग, मग ठरवू.

हे मला रागिणीवहिनींकडून कळलं. पोरीची नोकरी तर पणाला लागली होतीच, पण तिला त्याहून जास्त लागलं होतं ते चोर ठरण्याचं. ती जेवत नव्हती. साळोखे दोन दिवस तिच्या लॅपटॉपसमोर ठाण मांडून होते. मोठं सॉफ्टवेअर तीनदा काढून तीनदा बसवलं. अँटीव्हायरस तपासला, घड्याळ तपासलं, इंटरनेट तपासलं, सॉफ्टवेअरला सगळी प्लगइनं पुन्हा शोधायला लावली. चाळीस सेकंद झाले की गाणं गप्प.

शनिवारी सकाळी स्वराली दहालाच लॅपटॉप घेऊन बसने निघून गेली. मी त्याच सुमारास रियाजाला बसले होते. मी रोज तासभर गाते आणि आठवड्यातून एकदा नागपूरला माझ्या गाण्याच्या बाईंना ध्वनिमुद्रण पाठवते. डोळे मिटून षड्ज लावला, आणि तो चांगला लागलाय असं वाटत असतानाच तंबोरा थांबला. मी डोळे उघडले. तंबोरा सुरू झाला. मी पुन्हा डोळे मिटले, तो पुन्हा थांबला. तिसऱ्या वेळी मी घड्याळ पाहिलं आणि मग दोन मजले खाली साळोख्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

ते सतरा नंबरची वही घेऊन वर आले. चेहरा ओढलेला होता, दाढी केलेली नव्हती. तसं त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी तंबोरा ऐकला आणि म्हणाले, "हितं पन?"

"दिगंबरराव," मी म्हटलं, "माझ्या प्रयोगशाळेत दोन वेगळ्या नमुन्यांत एकच घाण सापडली तर मी आधी विचारते, दोन्हींत सारखं काय आहे? तुम्ही सांगा. माझ्या लॅपटॉपमध्ये आणि स्वरालीच्या लॅपटॉपमध्ये सारखं काय?"

"कंपनी एकच हाय. प्लगइन वेगळं, पन कंपनी तीच."

"आणखी?"

"विंडोज."

"आणखी?"

ते विचार करू लागले. मला धीर नसतो. मी म्हटलं, "तुम्ही."

वही उघडून साळोख्यांनी सीलची तारीख पाहिली. महिना उलटला होता. मग ते कंपनीची माहिती वाचत बसले, बोट ठेवून, ओळीमागून ओळ. तिथे साधं लिहिलेलं होतं: हे प्लगइन महिन्यातून एकदा कंपनीकडून ताजा परवाना मागवतं आणि आपल्या फोल्डरमध्ये लिहून ठेवतं. पण फोल्डरमध्ये आता कोणालाच काही लिहिता येत नव्हतं. परवाना दारापर्यंत येत होता आणि साळोख्यांचं कुलूप बघून परत जात होता.

"दोन दिवस तुम्ही सगळं तपासलंत," मी म्हटलं, "हे कसं नाही तपासलं?"

"सील हुतं न्हवं," ते म्हणाले. "सील केलेलं परत उघडून बगत न्हाईत."

एरवी मी यावर तासभर बोलले असते. त्यांचा चेहरा बघून लॅपटॉप त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी माझं सील काढलं. तंबोरा पाच मिनिटं अखंड वाजला. आम्ही दोघं तो असे ऐकत होतो, जणू आयुष्यात पहिल्यांदा तंबोरा ऐकतोय.

मग मी एक शहाणपणाचा सल्ला दिला. "स्वरालीला फोन करा. स्टुडिओत पोचायच्या आत तिला सील काढायला सांगा. बारा वाजता गाणं नीट वाजेल. तुमची चूक कोणाला कळायचंही कारण नाही."

"मग हरकीरत काय म्हणंल?" ते म्हणाले. "रातोरात क्रॅक काढला आनि साफ मशीन घिऊन आली, असंच म्हणंल की. पोरगी जन्मभर चोर." ते उठले. "हत्यारं मोजताना एक पाना कमी आला, तर ज्याचा हात हुता त्यानं स्वतः जाऊन सांगायचं, अशी आमच्यात रीत. इमान थांबू दे, साहेब वरडू दे, पन सांगायचं. बत्तीस वर्षांत माझ्यावर ती पाळी आली न्हवती. गाडी काढता का?"

मी गाडी काढेपर्यंत ते दाढी करून, निळा ब्लेझर घालून खाली उभे होते. मोहालीपर्यंतच्या वाटेत त्यांनी मला चार वेळा गिअर चुकीचा टाकल्याचं सांगितलं. मला हायसं वाटलं.

स्टुडिओच्या त्या बंद, मऊ भिंतींच्या खोलीत स्वराली खुर्चीच्या कडेवर बसली होती आणि हरकीरत तिचा लॅपटॉप उघडत होता. आम्हाला बघून ती एकदम उठली. "बाबा? आप यहाँ क्यों आए?" तिच्या आवाजात शरम होती. तेवीस वर्षांच्या मुलीच्या कामाच्या जागी बाप ब्लेझर घालून आला तर काय होणार!

साळोखे टाचा जुळवून उभे राहिले. स्वतःपेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी लहान माणसाला त्यांनी सर म्हटलं. "सर, फॉल्ट इसका नहीं है. फॉल्ट मेरा है." आणि सगळं सांगितलं, अपडेटपासून सीलपर्यंत, तारखांसकट. मग त्यांनी आपला हुकमाचा पत्ता टाकला. "और सर, इस मशीन का ॲडमिन पासवर्ड सिर्फ मेरे पास है. मेरे बिना इसमें कुछ इन्स्टॉल होताच नहीं. तो ये क्रॅक डालेगी कैसे?"

मुद्दा बिनतोड होता. मी परीक्षक असते तर पूर्ण मार्क दिले असते. तेवीस वर्षांच्या इंजिनिअर मुलीला स्वतःच्याच लॅपटॉपवर काही बसवायला बापाला बोलवावं लागतं, याबद्दल बापाचे कान उपटायचे ते नंतर. हरकीरतलाही पटलं असावं. त्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. "ठीक है अंकल जी. खोल के दिखाओ."

साळोखे बसले आणि त्यांनी पासवर्ड टाकला. चुकला. पुन्हा टाकला, पुन्हा चुकला. विमानातल्या केसाएवढ्या तारा जोडलेली ती बोटं, आणि त्यांना आता अक्षरं सापडत नव्हती. तिसऱ्यांदा चुकला तेव्हा ते घाम पुसायला थांबले.

स्वरालीने त्यांच्या खांद्यावरून हात पुढे केला आणि पासवर्ड टाकला. कुलूप उघडलं.

मी मनात कपाळाला हात लावला. बापाने मेहनतीने उभी केलेली साक्ष या मुलीने एका हाताने पाडली होती.

"तुझे पासवर्ड पता है?" हरकीरतने विचारलं.

"हाँ. आठवीं से. हर मशीन पे वही है. बाबा टाइप करते हुए मन में बोलते हैं. पर सुनाई देता है."

"तो चुप रहती ना, पुत्तर. अंकल ने तो तुझे बचा ही लिया था."

"पर वो झूठ होता, सर."

"और इतने साल में कभी यूज़ नहीं किया? एक बार भी?"

"बाबा ने मना किया था," ती म्हणाली. वेळ विचारली तर माणूस वेळ सांगतो, तितक्या साधेपणाने.

हरकीरत तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने साळोख्यांकडून सील काढवून घेतलं आणि गाणं लावलं. साडेतीन मिनिटांत आवाज कुठेही गेला नाही, पण खरं सांगायचं तर त्याचं गाण्याकडे फारसं लक्ष नव्हतं. गाणं संपल्यावर त्याने आपली मोठी खुर्ची तिच्याकडे ढकलली. "बैठ. दूसरे अंतरे में ढोलकी ज़्यादा है, थोड़ी नीचे कर. आज ही भेजना है." आणि आम्हाला म्हणाला, "अंकल जी, चाय?"

चहा घेऊन आम्ही निघालो. परतताना मी मुद्दाम गिअर वाईट टाकला तरी साळोख्यांनी चूक काढली नाही. खरडचा फ्लायओव्हर दिसायला लागला तेव्हा म्हणाले, "आठवीपासनं, मॅडम."

"हो, ऐकलं मी. अभिमान वाटायला हवा तुम्हाला. मला तर हेवा वाटला."

"ती नववीत असताना घरची मशीन बंद पडली हुती. माझा सगळा डेटा गेला. मी हिच्यावर लई वरडलो. म्हटलं, तूच कायतरी केलीस. ती म्हनाली, मी हात लावला न्हाई." ते समोर रस्त्याकडे बघत होते. "मी ऐकलं न्हाई. महिनाभर बोललो न्हाई तिच्याशी. आनि तिला पासवर्ड ठाऊक हुता, मॅडम. मनात आनलं असतं तर कायबी केलं असतं की तिनं. न्हाई केलं. हरकीरतनं निदान दोन दिवस तरी दिले तिला."

मी गिअर बदलला, या वेळी नीट.

"गाडी वळवा," ते म्हणाले.

"आत्ता? ती कामात आहे. संध्याकाळी घरी येईलच की."

"न्हाई. वळवा तुमी."

हा हट्टी, वहीवेडा माणूस त्या क्षणी मला फार आवडला. वळायला दुभाजकातला पुढचा कट दोन किलोमीटरवर होता आणि शनिवारची गर्दी होती. तिथे पोचेपर्यंत साळोखे पट्टा सोडून, दाराच्या हँडलवर हात ठेवून बसले होते.